गावात नवीन राहायला आलात? पालिका आणि पोलीस ठाण्यातली कामं अशी करून घ्या

दरवर्षी जून लागला की आमच्या गल्लीत सामानाचे टेम्पो यायला लागतात. कुणी पोराच्या अकरावी-बारावीसाठी खेड्यातून येऊन खोली केलेली असते, कुणाची बँकेत बदली झालेली असते, कुणी एमआयडीसीत लागलेलं असतं, तर कुणी रिटायर होऊन शेत भावाच्या भरवशावर सोडून इथं रो-हाऊस घेतलेलं असतं. गॅसची टाकी अजून टेम्पोतच असते तोवर घरातली बाई येऊन मला विचारते, काकू, पाणी कितव्या दिवशी येतंय? मराठवाड्यातलं कुठलंही शहर घ्या, पहिला प्रश्न हाच, आणि तो बरोबरच आहे. पण त्याच्या पुढचं लोक विचारत नाहीत, कचऱ्याचं कुणाला सांगायचं, खांबावरची लाईट कुणाची, भाडेकरूचा फॉर्म पोलिसांत कुणी द्यायचा, आणि मग अडचण आली की चार-चार दिवस ग्रुपवर नुसते मेसेज टाकत बसतात, "कुणी काही करायलंय का" म्हणून. म्हणून हे एकदाच सगळं लिहून ठेवतेय. मी राहते ते एक जिल्ह्याचं गाव आहे, नाव घेत नाही, कारण पद्धत इकडं सगळीकडं जवळपास सारखीच आहे.

पहिलं काम: आपण कुणाच्या हद्दीत आहोत ते बघा

हे ऐकायला सोपं वाटतं पण नवीन प्लॉटिंगमधले लई लोक इथंच चुकतात. मराठवाड्यात महानगरपालिका पाच, छत्रपती संभाजीनगर, नांदेड-वाघाळा, लातूर, परभणी आणि २०२३ मध्ये झालेली जालना. बीड, धाराशिव, हिंगोली ही जिल्ह्याची ठिकाणं असली तरी तिथं नगरपरिषद आहे. तालुक्याला बहुतेक नगरपरिषद नाहीतर नगरपंचायत. आणि शहराला चिकटून वाढलेली कॉलनी, जिथं रिक्षावाला सिटीचंच भाडं घेतो, ती कागदावर शेजारच्या ग्रामपंचायतीत असू शकते. मग तुम्ही महिनाभर पालिकेत चकरा मारता आणि शेवटी कळतं की ही आपली हद्दच नाही. घरमालकाकडं घरपट्टीची पावती मागा, वर कुणाचं नाव छापलंय ते बघा आणि त्यावरचा मालमत्ता क्रमांक मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा. तो क्रमांक पुढं प्रत्येक अर्जात लागतो.

महानगरपालिकेत वर आयुक्त आणि खाली झोन किंवा प्रभाग कार्यालयं असतात, तुमचं रोजचं काम झोनमध्येच होतं, मेन बिल्डिंगला जायची गरज नसते. नगरपरिषदेत मुख्याधिकारी.

नगरसेवकांचं सांगते. मधे बरीच वर्षं निवडणुकाच नव्हत्या, संभाजीनगरला तर २०२० पासून प्रशासकच होते, त्यामुळं लोकांची नगरसेवकाकडं जायची सवयच मोडली. आता नगरपरिषदांचं मतदान डिसेंबर २०२५ मध्ये आणि महानगरपालिकांचं १५ जानेवारी २०२६ ला झालंय, म्हणजे विचारायला माणूस आहे. महानगरपालिकेत एका प्रभागात बहुतेक ठिकाणी चार नगरसेवक असतात आणि एक म्हणतो तुमची गल्ली त्यांच्याकडं, दुसरा म्हणतो यांच्याकडं. तसं काही नसतं, चौघंही पूर्ण प्रभागाचे आहेत. अर्जाची प्रत चौघांनाही द्या.

दुसरं काम: जमिनीवरची माणसं ओळखीची करून घ्या

साहेबांच्या आधी ही तीन माणसं. व्हॉल्वमन, सफाईचा मुकादम आणि स्वच्छता निरीक्षक. तिघांचे नंबर पहिल्याच आठवड्यात घ्या आणि नावानं, आदरानं बोला, ही माणसं पहाटेपासून रस्त्यावर असतात आणि त्यांना दिवसभर फक्त शिव्याच ऐकायला मिळतात.

आमच्याकडचे व्हॉल्ववाले मामा लांब लोखंडी चावी मोटारसायकलला आडवी बांधून येतात. चौकातल्या चेंबरचं झाकण पायानं सरकवतात, चावी खाली सोडून दोन्ही हातांनी फिरवतात आणि मग वाकून ऐकतात. लायनीत पाणी शिरलं की खालून घरघर येते, ती आली की मग ते उभे राहून कपाळ पुसतात. एकदा मी त्यांच्यासोबत उभी राहिले तेव्हा कळलं की आमची गल्ली चढावर आहे, शेवटच्या पाच घरांना पाणी पोचायलाच वीस-पंचवीस मिनिटं लागतात, आणि तेवढ्यात खालच्या घरांनी नळाला डायरेक्ट मोटार लावली की वरच्यांचा नळ नुसता फुसफुस करतो. आम्ही सहा महिने पालिकेला दोष देत होतो आणि कारण आमच्याच गल्लीत होतं. म्हणून नवीन आलेल्यांना हात जोडून सांगते, नळाला मोटार लावू नका. नियमानं ती जप्त होते हा भाग वेगळा, पण शेजारच्या म्हातारीच्या हंड्यातलं पाणी आपण ओढतो. लातूरनं २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यायलंय, त्या दिवसांत टँकरपुढं जे उभे राहिलेत त्यांना हे वेगळं सांगावं लागत नाही.

अजून एक सवय लावून घ्या. पाणी आलं त्या तारखेला कॅलेंडरवर पेनानं गोल करायचा आणि बाजूला किती मिनिटं आलं ते लिहायचं. मी हे कितीतरी वर्षं करतेय. एका उन्हाळ्यात सातव्या दिवसाचं पाणी अकराव्या दिवसावर गेलं, ऑफिसातले म्हणाले आमच्या रजिस्टरला सातवाच दिवस आहे, तेव्हा मी एप्रिल आणि मेची पानं टेबलावर ठेवली. इंजिनिअर साहेबांनी ती पानं नीट बघितली आणि त्याच संध्याकाळी माणूस पाठवला, पुढच्या चौकातला एक व्हॉल्व अर्धवट अडकलेला निघाला. बोलण्याला उत्तर असतं, तारखांना नसतं.

पाणी गढूळ किंवा वासाचं आलं तर ओतून देऊ नका, त्याच दिवशी स्वच्छ पारदर्शक बाटलीत भरा, तारीख-वेळ लिहा, पाणीपुरवठा विभागात नेऊन दाखवा आणि ओटी टेस्ट घ्यायला सांगा, पाण्यात क्लोरीन आहे का नाही ते त्यातून कळतं. ड्रेनेजची लाईन शेजारून जात असेल तर अर्जात तेही लिहा. आणि आठ-आठ दिवसांनी पाणी येतं म्हणून आपण ड्रम, टाक्या, माठ सगळं भरून ठेवतो, डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साठवलेल्या पाण्यात वाढतो. झाकणाला फडकं बांधा, पाणी यायच्या आदल्या दिवशी ड्रम घासून कोरडा करा.

तिसरं काम: अर्ज कागदावर, आणि पोच घेतल्याशिवाय हलायचं नाही

सगळ्या लेखातलं एवढं एकच जरी लक्षात ठेवलं तरी चालेल. आमच्या कोपऱ्यावरच्या ड्रेनेजच्या चेंबरचं झाकण तुटलं होतं. चार महिने आम्ही फोन केले, भेटून सांगितलं, दरवेळी "करून घेतो ताई" असं गोड उत्तर मिळालं. मग एका पावसाळी संध्याकाळी चौथीतला एक पोरगा सायकलसकट त्यात गेला, कोपराला सहा टाके पडले. दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेलो तर म्हणाले, तुमची तक्रार आमच्याकडं नोंदच नाही. आणि खरंच नव्हती. चार महिन्यांत एकानंही कागद दिला नव्हता, मीसुद्धा नाही. त्या पोराच्या आईपुढं उभं राहताना काय वाटलं ते मला अजून आठवतं.

तेव्हापासून आमचा अर्ज असा असतो, हाच उतरून घ्या आणि तुमचं लिहा:

प्रति, मा. आयुक्त (किंवा मुख्याधिकारी), तुमच्या पालिकेचं नाव.
विषय: अमुक गल्लीतील ड्रेनेज चेंबरचे तुटलेले झाकण बसविणेबाबत.
महोदय, वरील विषयी विनंती की, अमुक नगर, अमुक गल्ली, घर क्रमांक अमुकसमोरील चेंबरचे झाकण दिनांक अमुकपासून तुटलेले आहे. शाळेची मुले व वृद्ध येथूनच ये-जा करतात. रात्री येथे दिवा नाही. तरी आठ दिवसांत झाकण बसवून मिळावे व केलेल्या कार्यवाहीची माहिती लेखी कळवावी, ही विनंती.
सोबत: फोटो २, रहिवाशांच्या सह्या १७.
प्रत: प्रभागातील सर्व नगरसेवक.

एका अर्जात एकच विषय. पाणी, कुत्रे, खड्डे, लाईट सगळं एकाच कागदावर लिहिलं की तो कागद चार टेबलांवर फिरतो आणि कुठंच थांबत नाही. दोन प्रती घेऊन आवक-जावक विभागात जायचं, एक द्यायची, दुसरीवर शिक्का, तारीख, सही आणि आवक क्रमांक घ्यायचा. "ठेवून जा, पाठवतो साहेबांकडं" म्हणाले तर शांतपणे सांगायचं, पोच द्या, मी थांबते. आवाज चढवायचा नाही, पण उठायचंही नाही. फारच टाळाटाळ झाली तर पोस्टात जाऊन स्पीड पोस्टानं पाठवा, पोस्टाची पावती हीच पोच. झाकण त्या अर्जानंतर सहाव्या दिवशी बसलं.

वेळेचं म्हणाल तर सकाळी अकरा ते एक चांगली. शनिवारी जाऊ नका.

कुणाचं काम कुणाकडं

खांबावरचा दिवा पालिकेचा, पण तार तुटली, ट्रान्सफॉर्मर जळाला, व्होल्टेज कमी-जास्त होतंय तर महावितरण, १९१२ ला फोन करा. गावातून जाणारा मोठा रस्ता पालिकेचा असेलच असं नाही, सार्वजनिक बांधकाम विभागाचा किंवा राष्ट्रीय महामार्गाचा असतो, अर्जाआधी झोनमध्ये विचारून घ्या. रेशन कार्ड तहसीलला. प्लॉटची मोजणी भूमी अभिलेखला. जन्म-मृत्यूची नोंद पालिकेत, २१ दिवसांच्या आत केली तर फी लागत नाही, बाळाचं नाव ठरलं नाही म्हणून नोंद थांबवू नका, नाव नंतर घालता येतं.

चौथं काम: घरपट्टी आणि प्लॉटचे कागद

भाड्यानं राहत असाल तर हा भाग सोडून पुढं जा. घर किंवा प्लॉट घेतला असेल तर खरेदीखत झालं की काम संपलं असं लोकांना वाटतं, पण पालिकेच्या नोंदीला जुन्या मालकाचंच नाव राहतं. नामांतरणाचा अर्ज वेगळा करावा लागतो, सोबत खरेदीखताची प्रत आणि चालू वर्षापर्यंतची घरपट्टी-नळपट्टी भरल्याची पावती. मागची बाकी असेल तर ती शेवटी घेणाऱ्याच्याच गळ्यात येते, म्हणून इसार द्यायच्या आधीच बेबाकी, म्हणजे काही थकलेलं नाही असा दाखला मागा. थकलेल्या घरपट्टीवर महिन्याला दोन टक्के शास्ती, म्हणजे दंड लागतो, वर्षाचे चोवीस टक्के झाले. डिसेंबरनंतर बऱ्याच पालिका शास्तीत सूट जाहीर करतात, तेवढ्यावर लक्ष ठेवा.

आणि गुंठेवारी. इकडं शहरांच्या कडेनं शेतजमिनीचे तुकडे पाडून बाँडवर विकलेले प्लॉट भरपूर आहेत. गुंठेवारी नियमित करायचा कायदा २००१ चा, पुढं त्यात सुधारणा होऊन ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना मुभा मिळाली. पण "सगळे असेच राहायलेत, काही होत नाही" या बोलण्यावर पैसे देऊ नका. जमीन एनए, म्हणजे बिगरशेती झालेली आहे का, लेआउट मंजूर आहे का, नसेल तर गुंठेवारीचं प्रमाणपत्र आहे का, हे नगररचना विभागात स्वतः जाऊन विचारा. एका जोडप्यानं आयुष्याची कमाई अशा प्लॉटमध्ये घातली आणि निघालं की तिथून विकास आराखड्यातला रस्ता जातोय. आराखड्याचा नकाशा तिथं बघायला मिळतो. बघायला अर्धा दिवस जातो, घालवा.

पाचवं काम: अर्ज देऊनही हललं नाही तर

पंधरा दिवस थांबा, मग पहिल्या अर्जाच्या पोचेची झेरॉक्स जोडून स्मरणपत्र द्या. त्यानंतरही काही नाही तर आपले सरकार पोर्टलवर तक्रार टाका, त्याचा नंबर जपून ठेवा. दुसरी वाट लोकशाही दिनाची. महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात आणि महानगरपालिकेत असतो, तालुक्याला तिसऱ्या सोमवारी. अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो, आयत्या वेळी जाऊन उपयोग नाही. तिथं सगळ्या खात्यांचे अधिकारी समोर बसलेले असतात, त्यामुळं "ते आमच्याकडं नाही" हे वाक्य फार वेळ टिकत नाही.

दाखले, थकबाकी नसल्याचं प्रमाणपत्र, नवीन नळ कनेक्शन अशा कामांना २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा लागू आहे. कोणतं काम किती दिवसांत द्यायचं याचा बोर्ड ऑफिसात लावलेला असतो. मुदत उलटली की तिथल्याच वरिष्ठांकडं अपील, मग दुसरं अपील, मग सेवा हक्क आयोग, आणि विनाकारण उशीर करणाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. पण खड्डा बुजवा ही या कायद्यातली सेवा नाही, तिथं हा कायदा दाखवू नका.

खड्ड्याला माहिती अधिकार चालतो. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. "रस्ता खराब का आहे" असं विचारलं तर उत्तर येत नाही, कारण ती माहिती नाही, तो सवाल झाला. विचारायचं ते असं: अमुक रस्त्याच्या कामाचा कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेच्या प्रती, अंतिम देयक आणि दोष दायित्व कालावधी कधीपर्यंत आहे त्याची प्रत द्यावी. हा शेवटचा कालावधी फार कामाचा आहे, तेवढ्या काळात रस्ता उखडला तर ठेकेदारानं स्वतःच्या खर्चानं दुरुस्त करायचा असतो. माहिती ३० दिवसांत मिळायला पाहिजे, नाही मिळाली तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील.

सहावं काम: पोलीस ठाणं

ठाण्याच्या पायरीवर पाय ठेवायलाच आपली माणसं घाबरतात, बायका तर जास्तच. घाबरू नका, पहिल्यांदा अडचण नसतानाच जा. आपलं ठाणं कोणतं, आपल्या भागाचे बीट अंमलदार कोण, त्यांचा नंबर काय, एवढं विचारायला कुणी नाही म्हणत नाही.

भाडेकरूची माहिती देणं हे घरमालकाचं काम आहे, पण मालक पुण्या-मुंबईला असतो आणि विसरतो. भाडेकरार, आधार, फोटो घेऊन फॉर्म ठाण्यात द्या किंवा महाराष्ट्र पोलिसांच्या वेबसाईटवर भरा, आणि त्याची पोच स्वतःकडं ठेवा. क्लाससाठी पोरं ठेवणाऱ्या खोलीमालकांनी तर हे चुकवूच नये, पोराला काही झालं तर रात्री दोनला त्याच्या आईबापाचा नंबर ठाण्यात असला पाहिजे.

तातडीचं असेल तर ११२. चोर, मारामारी, अपघात, आग, सगळ्याला हाच एक नंबर. फोनवर आधी ठिकाण सांगा, जवळचं मंदिर, शाळा, पाण्याची टाकी काय आहे ते सांगा, मग काय झालं ते. रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद असायला पाहिजे, त्यासाठीही ११२ चालतो. मग तो डीजे कुणाच्या लग्नाचा, कुणाच्या वाढदिवसाचा ते बघत बसू नका, शेजारी कुणाचं तरी लेकरू आजारी असतं.

तक्रार द्यायला गेलात की दोन शब्द ऐकू येतात. चोरी, मोठी मारहाण, छेडछाड असे दखलपात्र गुन्हे असतील तर एफआयआर नोंदवायला हवा, सुप्रीम कोर्टानं २०१३ मध्येच हे सांगून ठेवलंय. किरकोळ भांडण, शिवीगाळ असेल तर एनसी, म्हणजे अदखलपात्र, त्यात कोर्टाच्या परवानगीशिवाय पोलीस तपास करत नाहीत. आपल्या कागदावर काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय सही करू नका. १ जुलै २०२४ पासून नवा कायदा आलाय, त्यात गुन्हा दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत घडला असला तरी पहिल्या ठाण्यात नोंद घ्यावी लागते, ऑनलाईन तक्रार दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करायची असते, आणि एफआयआरची प्रत फुकट मिळते, कुणी पैसे मागितले तर देऊ नका. काही गुन्ह्यांत आधी चौदा दिवसांची प्राथमिक चौकशी करायची मुभा पोलिसांना आहे, तसं सांगितलं तर तारीख लिहून घ्या. नोंदच घेत नसतील तर तीच तक्रार पोस्टानं एसपी साहेबांना, संभाजीनगर शहरात असाल तर आयुक्तालयात, आणि तरी नाही झालं तर वकील लावून मॅजिस्ट्रेटपुढं.

मोबाईल बाजारात हरवला तर आधी सिम बंद, मग ठाण्यात गहाळ झाल्याची नोंद आणि तिची प्रत घेऊन सीईआयआर या सरकारी पोर्टलवर आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख नंबर, ब्लॉक करा. असे फोन महिन्यांनी का होईना सापडून परत मिळतात. खोक्यावर तो नंबर असतो, खोकं टाकून देऊ नका. आणि खात्यातून पैसे गेले तर विचार करत बसू नका, लाजू तर अजिबात नका, लगेच १९३० ला फोन. पैसे पुढच्या खात्यातून निघायच्या आत गोठवले तर मिळायची आशा असते, म्हणून इथं मिनिटं मोजायची. "आज रात्री तुमची लाईट कापली जाईल" हा मेसेज आमच्याकडं एका निवृत्त गुरुजींना आला होता, त्यांनी लिंक उघडली, पण अर्ध्या तासात सुनेनं फोन लावला म्हणून बरीच रक्कम थांबली.

ग्रुपवर काय टाकायचं

पोलिसांची माहिती म्हणून जे फिरतं, मुलं पळवणारी टोळी आलीय, अमुक रस्ता बंद, तमुक ठिकाणी दगडफेक, ते जिल्हा पोलिसांच्या अधिकृत पेजवर आहे का ते बघितल्याशिवाय पुढं ढकलू नका. आपल्याकडं अशा एका मेसेजनं बाजार बंद होतो आणि हातगाडीवाल्याची त्या दिवसाची भाकरी जाते. शंका आली तर बीट अंमलदारांना विचारा, त्यासाठीच नंबर घ्यायचा. गणपती, ईद, आंबेडकर जयंतीच्या आधी ठाण्यात शांतता समितीची बैठक होते, तिला नवीन लोकांनीही जावं, मिरवणुकीचा रस्ता, पार्किंग, लाईट कधी जाणार सगळं तिथंच कळतं. पालिकेची सर्वसाधारण सभाही लोकांना बसून ऐकता येते, विषयपत्रिका आधी मागून बघा, आपल्या रस्त्याचा ठराव आहे का ते समजतं.

आता शेवटचं, फाईल करा. साधी दोरीची फाईल, वीस-तीस रुपयांत मिळते. पहिल्या पानावर नंबर: व्हॉल्वमन, मुकादम, स्वच्छता निरीक्षक, चारही नगरसेवक, बीट अंमलदार. त्याखाली पाण्याच्या तारखा. मग अर्ज आणि पोच, जुनं खाली नवं वर. गल्लीत आधीपासून कुणाकडं अशी फाईल असेल तर पहिल्याच आठवड्यात मागून घ्या आणि झेरॉक्स करून परत द्या. आमची माझ्याकडं असते, जिन्याखालच्या कपाटात, आणि ती न्यायला येणाऱ्यानं घरपट्टीच्या पावतीवरचा आपला मालमत्ता क्रमांक सोबत आणावा, म्हणजे तिथंच बसून पहिला अर्ज लिहून होतो.